तारीख, विमानाचा क्रमांक आणि मागच्या सीटवरचा माणूस

काही मराठी घरांत एक वाक्य पिढ्यानुपिढ्या चालत आलेले असते. "आजोबा लढाईत बाँबर उडवायचे, बर्मात." पुढे काही विचारावे तर कोणालाच धड ठाऊक नसते. कुठले विमान, कुठला तळ, कुठले साल, सगळेच धूसर. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी फारसे सांगितले नाही, आणि ते होते तेव्हा आपण शाळकरी होतो. आता ते नाहीत आणि विचारायची ओढ मात्र लागलेली आहे. ही ओढ मला फार मोलाची वाटते. इंटरनेटवर नाव टाकून, काही न सापडल्यामुळे ती दोन मिनिटांत विझून जाऊ नये, यासाठी हा लेख.

नाव टाकून शोधणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही, याचे कारण साधे आहे. युद्धकाळातले दप्तर माणसांच्या नावांनी लावलेले नाही. ते तुकडी, तारीख आणि विमान या क्रमाने लावलेले आहे. आपणही त्याच क्रमाने गेलो तर वाट सापडते, आणि अनेकदा अपेक्षेपेक्षा बरीच लांबवर जाते.

सुरुवात त्या वाक्यातल्या 'बाँबर'पासून करावी. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची. महायुद्ध संपेपर्यंत या दलाकडे चार इंजिनांची जड बाँबर विमाने नव्हतीच. लिबरेटर ही तसली विमाने आपल्याकडे आली ती नोव्हेंबर १९४८मध्ये, कानपूरला, ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. तीही दोस्त राष्ट्रांनी जाताना टाकून दिलेली आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टने डागडुजी करून उडती केलेली. तेव्हा आजोबा भारतीय हवाई दलात असतील आणि १९४३-४४च्या सुमारास खरोखरच बाँबफेकी विमान चालवत असतील, तर पहिला अंदाज एकाच विमानाचा करावा. व्हल्टी व्हेन्जन्स. अमेरिकी बनावटीचे, एका इंजिनाचे, दोन माणसांचे, उभा सूर मारून बाँब टाकणारे विमान. ते चालवण्यासाठी १ डिसेंबर १९४२ रोजी दोन स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. ७ क्रमांकाची विशाखापट्टणला आणि ८ क्रमांकाची तिरुचिरापल्लीला.

दुसऱ्या शक्यता आहेत, त्याही डोक्यात असू द्याव्यात. १९४२च्या फेब्रुवारीत १ क्रमांकाची स्क्वाड्रन बर्मातल्या टाउंगू तळावर उतरली तेव्हा तिच्याकडे लायसँडर विमाने होती. ती मुळात टेहळणीची, सावकाश उडणारी. के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली त्यांनाच अडीचशे पौंडी बाँब लटकवून सयाममधल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, जपानी विमानतळांवर हल्ले झाले. वायव्य सरहद्दीवर वापिती विमानांनी टोळ्यांवर बाँब टाकले होते. पुढे हरिकेन या लढाऊ विमानांनाही पंखांखाली बाँब लावले गेले. शिवाय १९४० साली २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला पाठवले गेले, आणि काही भारतीय तरुण थेट रॉयल एअर फोर्समध्येही होते. घरातला 'बाँबर' हा शब्द यांपैकी कशालाही लागला असेल. म्हणून तो खरा की खोटा हा वाद न घालता पुढे जावे.

पुढे म्हणजे घरातच. माळ्यावरची ट्रंक, आत्याकडचा अल्बम, काकांच्या कपाटातली पदकांची डबी. फोटो हाती आला की चेहऱ्याआधी छाती पाहावी. डाव्या खिशावरच्या पट्टीत दोन्ही बाजूंना पसरलेले पंख असतील तर माणूस वैमानिक. एकच पंख आणि त्याच्या मुळाशी गोलात इंग्रजी अक्षर असेल तर तो नॅव्हिगेटर, एअर गनर किंवा त्या प्रकारचा दुसरा कर्मचारी. घरात 'पायलट ऑफिसर' अशी आठवण असेल तर तिच्यावर एकदम भिस्त ठेवू नये. पायलट ऑफिसर आणि फ्लाइंग ऑफिसर ही पदांची नावे आहेत. जमिनीवर भांडार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही तीच मिळत. उडत होता की नाही हे पंख सांगतात, पद सांगत नाही.

फोटोत विमान असेल तर त्यावरचा गोल नीट पाहावा. हवाई दलाच्या खुणेत मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत होऊन आपलेच लोक आपल्याच विमानांवर गोळ्या झाडू नयेत, म्हणून पूर्व आघाडीवर तो लाल रंग काढून टाकला गेला आणि निळ्या छटांचाच गोल उरला. लाल नसलेला गोल म्हणजे साधारण १९४३च्या मध्यानंतरचा फोटो. व्हेन्जन्स ओळखायला सोपे. नाकाशी मोठे गोल इंजिन, लांबच लांब काचेचे छत, आणि पंखाचा आतला भाग मागे झुकलेला, बाहेरचा जवळजवळ सरळ, त्यामुळे पंख मोडल्यासारखा दिसतो. कागदांवरही अशीच एक खूण सापडते. 'रॉयल' ही उपाधी भारतीय हवाई दलाला १२ मार्च १९४५ रोजी मिळाली आणि २६ जानेवारी १९५०ला गेली. पत्राच्या डोक्यावर किंवा शिक्क्यात 'आर.आय.ए.एफ.' असेल तर तो कागद या पाच वर्षांतला.

पदके उलटी करून पाहावीत. ब्रिटनमध्ये दिल्या गेलेल्या महायुद्धाच्या पदकांवर बहुधा नाव नसते. भारतीय दलांना दिलेल्यांवर मात्र क्रमांक आणि नाव ठोकलेले सापडते, गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर. बर्मा स्टार हा तारा विमान कर्मचाऱ्यांना आघाडीवरच्या एका उड्डाणावरही मिळे. त्यामुळे छातीवर पंख आणि डबीत हा तारा असे दोन्ही असेल तर माणूस बहुधा आघाडीवर उडाला होता. किती वेळा, ते त्यावरून कळत नाही. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस असेल तर त्याच्या मागच्या खालच्या भुजेवर साल कोरलेले असते, आणि त्या सालाच्या लंडन गॅझेटमध्ये नाव मिळते. नेमणुका आणि बढत्यांसाठी गॅझेट ऑफ इंडिया चाळावे लागते. ते काम वेळखाऊ आहे, पण बिनचूक तारीख तिथे मिळते.

या सगळ्यातून मिळवायची पहिली गोष्ट म्हणजे सेवाक्रमांक. अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी बहुधा 'आयएनडी' ही अक्षरे असत. मराठी आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे तेव्हाच्या कारकुनांनी इतक्या तऱ्हांनी लिहिली आहेत की एकाच माणसाचे आडनाव चार कागदांवर चार प्रकारे येते. कधी वडिलांचे नावच आडनाव होऊन बसते. क्रमांक मात्र बहुधा तोच राहतो. तो मिळाला की वारसाच्या नात्याने हवाई मुख्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो. नात्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला आणि आपल्याला ठाऊक असलेली प्रत्येक तारीख त्याला जोडावी. उत्तर कधी येईल याचा भरवसा धरून बसू नये. तोवर बाकीचे काम सुरू ठेवावे.

आता या शोधातली सगळ्यात मौल्यवान वस्तू, वैमानिकाचे लॉगबुक. जाड पुठ्ठ्याची, आडव्या पानांची ही वही ज्या घरात आहे त्या घराचे निम्मे काम झाले म्हणून समजावे. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पहिल्या पानापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूंसह सगळ्याचे फोटो घ्यावेत. मग वाचायला बसावे.

डावीकडे तारीख. मग विमानाचा प्रकार आणि क्रमांक. व्हेन्जन्सचा क्रमांक म्हणजे दोन इंग्रजी अक्षरे आणि तीन आकडे. हा त्या विमानाचा स्वतःचा, दुसऱ्या कुठल्याही विमानाला नसलेला क्रमांक. मग वैमानिकाचा रकाना. स्वतः चालवत असेल तर तिथे 'सेल्फ' लिहिलेले असते, शिकाऊ असताना तिथे शिक्षकाचे नाव असते. त्याच्या शेजारी सोबतच्या माणसाचे नाव. मग कामगिरी. उजवीकडे तासांचे रकाने, दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे, एका इंजिनाचे आणि अनेक इंजिनांचे वेगळे. रात्रीचे उड्डाण लाल शाईत लिहायची रीत होती. व्हेन्जन्सच्या वैमानिकाचे तास एका इंजिनाच्या रकान्यात पडतात, लिबरेटरवाल्याचे अनेक इंजिनांच्या. त्यामुळे 'बाँबर'चे कोडे पुष्कळदा नुसता रकाना पाहूनच सुटते.

एक ओळ मांडून पाहू. ती कोणाच्या वहीतली नाही, पण अशाच ओळी या वह्यांत असतात. "२०, व्हेन्जन्स, अमुक क्रमांक, सेल्फ, फ्लाइंग ऑफिसर अमुक, ऑप्स, टिड्डिम रोड, १.५०." महिना पानाच्या डोक्यावर, साल त्याच्याही वर. 'ऑप्स' म्हणजे लढाईची कामगिरी, टिड्डिम रोड हा इंफाळहून बर्माकडे जाणारा रस्ता. एवढ्या ओळीतून पाच धागे निघतात. कुठल्या दिवशी, कुठल्या विमानात, कोणाबरोबर, कुठल्या लक्ष्यावर, किती वेळ. कामगिरीपुढे कधी 'डीसीओ' असते, म्हणजे काम पार पडले. कधी 'डीएनसीओ', म्हणजे ढग, इंजिनाची तक्रार किंवा अशाच कारणाने परत यावे लागले. दर महिन्याच्या शेवटी तासांची बेरीज आणि फ्लाइट कमांडरची सही असते. त्या सह्यांच्या नावांवरून माणूस कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होता हे ताडून घेता येते.

मधूनमधून वरिष्ठांनी दिलेला शेराही असतो. 'ॲव्हरेज' हा शब्द वाचून काही घरांत हिरमोड होतो. होऊ नये. तेव्हाच्या हवाई दलात 'ॲव्हरेज' म्हणजे ज्याच्या हाती विमान आणि माणूस निर्धास्तपणे सोपवावा असा वैमानिक. त्याहून वरचे शेरे मोजक्यांनाच मिळत.

सुरुवातीची पानेही घाईने उलटू नयेत. तिथे प्रशिक्षणाचा सगळा प्रवास असतो. लाहोरजवळच्या वॉल्टनला प्राथमिक लष्करी शिक्षण, मग बेगमपेठ किंवा जोधपूरला टायगर मॉथवरची पहिली उड्डाणे, अंबाल्याला पुढचे शिक्षण, आणि व्हेन्जन्ससाठी पेशावरचे १५२ क्रमांकाचे ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट. काहींचे तर उड्डाण त्याआधीच सुरू झालेले असे. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बाँबे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून परवाना मिळवलेले तरुण युद्ध सुरू झाल्यावर राखीव दलात आले आणि त्यांतले काही किनारा संरक्षणाच्या तुकड्यांत समुद्रावर गस्त घालू लागले. त्यांतली २ क्रमांकाची तुकडी मुंबईची. पहिले स्वतंत्र उड्डाण, ज्याला सगळे 'सोलो' म्हणत, त्याची तारीख आणि त्या दिवशी किती मिनिटे हवेत होते हे त्या पानांवर असते. मला ती ओळ प्रत्येक वहीत आधी शोधावीशी वाटते.

लॉगबुक नसेल तर? बहुतेक घरांत नसतेच. मग स्क्वाड्रन आणि अंदाजे काळ एवढे तरी पक्के करावे, आणि दुसऱ्या टोकाकडून यावे. ते टोक म्हणजे स्क्वाड्रनची नोंदवही, ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक. ब्रिटिश पद्धतीप्रमाणे तिचे दोन भाग. फॉर्म ५४० हा दिवसवार गोषवारा. हवामान, कोण आले, कोण बदलून गेले, कोण आजारी, पाहुणा कोण. फॉर्म ५४१ हा उड्डाणांचा तक्ता. विमानाचा क्रमांक, कर्मचारी, कामगिरी, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ आणि शेवटी दोन-चार ओळींचा वृत्तान्त. लॉगबुकातली ओळ आणि फॉर्म ५४१मधली ओळ समोरासमोर ठेवली की ताळा होतो. तारीख जुळली, विमान जुळले, मागच्या सीटवरचे नाव जुळले, की ती ओळ शंभर टक्के आपल्या माणसाची. न जुळल्यास लगेच निराश होऊ नये. लॉगबुक पुष्कळ जण आठवड्याच्या शेवटी एकदम भरत आणि नोंदवही लिहिणारा अधिकारीही घाईत असे. एखाद्या दिवसाचा फरक सर्रास सापडतो.

या नोंदवह्या शोधायच्या कुठे? दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे. लंडनजवळ क्यू येथे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. भारतीय स्क्वाड्रनसाठी दोन्हीकडे विचारावे. क्यूला मागणी नोंदवताना मालिकेचे नाव ठाऊक असले की वेळ वाचतो. स्क्वाड्रनांच्या नोंदवह्या एआयआर २७ या मालिकेत, ग्रुपच्या, म्हणजे अनेक स्क्वाड्रनांवरच्या वरिष्ठ तुकडीच्या, एआयआर २५मध्ये, प्रशिक्षण केंद्रांसारख्या इतर तुकड्यांच्या एआयआर २९मध्ये, आणि परदेशातल्या कमांडची कागदपत्रे एआयआर २३मध्ये. त्याआधी घरबसल्या वाचता येईल असे एक पुस्तक आहे. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या महायुद्धाच्या अधिकृत इतिहासमालेतला भारतीय हवाई दलाचा १९३३ ते १९४५ या काळाचा खंड. त्यात आपल्या आजोबांचे नाव नसेलही, पण स्क्वाड्रन कुठल्या महिन्यात कुठे होती याचा सांगाडा त्यातून उभा राहतो.

तो सांगाडा थोडक्यात असा. ८ क्रमांकाची स्क्वाड्रन निरंजन प्रसाद यांच्या हाताखाली १९४३च्या डिसेंबरात बर्माच्या किनाऱ्याकडच्या आराकान आघाडीवर उतरली. तिचा तळ चितगावजवळचा डबल मूरिंग्ज. हे नाव लॉगबुकात दिसले की काहींना ते बंदरातले जहाज वाटते; तो विमानतळ होता, आज बांगलादेशात. ७ क्रमांकाची स्क्वाड्रन हेम चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली १९४४च्या मार्चच्या सुमारास आसामात सिल्चरजवळच्या उदरबंदला आली. शेजारचे कुंभीरग्राम म्हणजे आजचा सिल्चरचा विमानतळ. त्याच महिन्यात जपानी फौजा इंफाळच्या दिशेने निघाल्या होत्या आणि २२ जूनला वेढा फुटेपर्यंत या स्क्वाड्रनचे काम मुख्यतः त्याच लढाईसाठी होते. १९४४च्या मध्यावर व्हेन्जन्स विमाने दोन्ही स्क्वाड्रनांतून काढली गेली. ८ला स्पिटफायर मिळाली आणि ७ला हरिकेन. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल हे या ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे, व्हेन्जन्सवर लढलेले आणि नंतर तिचे नेतृत्व केलेले. इंफाळकडच्या हवाई कारवाया २२१ ग्रुपकडे, आराकानच्या २२४ ग्रुपकडे. स्क्वाड्रनच्या वहीत एखादा महिना गहाळ असला तर ग्रुपच्या वहीत तो शोधायचा, हा या आकड्यांचा उपयोग.

आणखी एक शेजारची वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. व्हेन्जन्स चालवणाऱ्या रॉयल एअर फोर्सच्या ४५, ८२, ८४ आणि ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनही याच भागात होत्या. त्यांचे लक्ष्य बऱ्याचदा तेच, हवामान तेच, धावपट्टीवरचा चिखलही तोच. आपल्या स्क्वाड्रनच्या वहीत 'लक्ष्यावर ढग' एवढेच असते तेव्हा शेजारच्या वहीत त्याच सकाळचे चार ओळींचे वर्णन सापडू शकते.

वही वाचताना उड्डाण प्रत्यक्षात कसे होई हे डोळ्यांसमोर असले की कोरड्या ओळी बोलू लागतात. व्हेन्जन्सचे पंख धडाला शून्य अंशात बसवलेले होते. त्यामुळे नव्वद अंशांचा सूर मारताना विमान कुठे न भरकटता सरळ खाली येई. उलट साध्या उड्डाणात त्याचे नाक वर राही आणि वैमानिकाला पुढचे नीट दिसत नसे. पोटात पाचशे पौंडी दोन बाँब, पंखांखाली अडीचशे पौंडी दोन. सहा-सहा विमाने एकत्र जात. लक्ष्य पंखाखाली आले की पुढारी विमान उलटून सुरात शिरे आणि बाकीची एकामागून एक त्याच्यामागे. पंखांवरचे ब्रेक उघडलेले, समोर आकाश नाही, फक्त जमीन. बाँब सोडून विमान वर खेचताना अंगावर जो दाब येई त्याने क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असे. लॉगबुकात या सगळ्याला 'बॉम्बिंग' हा एकच शब्द मिळतो.

मागच्या सीटवर याच वेळी दुसरा माणूस बसलेला असे. मार्ग काढणे, नकाशा सांभाळणे आणि मागच्या मशीनगन हे त्याचे काम. कुटुंबाच्या शोधात हा माणूस नेहमी दुर्लक्षित राहतो. खरे तर आपल्या आजोबांच्या जवळजवळ प्रत्येक उड्डाणाची दुसरी नोंद त्याच्या वहीत आहे. आजोबांचे लॉगबुक हरवले असेल तर ते त्याच्या घरी, त्याच्या अक्षरात, आजही असू शकते. म्हणून फॉर्म ५४१ मिळाल्यावर पहिले काम कोणते करावे, तर आजोबांच्या नावासमोर पुन्हा पुन्हा येणारे नाव वेगळे लिहून काढावे आणि त्याचाही शोध सुरू करावा. तो पंजाबचा असेल, बंगालचा असेल. स्क्वाड्रनमध्ये ब्रिटिश, न्यूझीलंडचे, ऑस्ट्रेलियाचे लोकही असत. तिकडच्या कुटुंबांनी जपून ठेवलेल्या फोटोंत आपली माणसे उभी असलेली सापडू शकतात.

वेळेचा एक बारकावा सांगायलाच हवा, कारण त्याने ताळा चुकतो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती. वहीतले सकाळचे साडेसहा म्हणजे आजच्या घड्याळाचे साडेपाच. पहाटेच्या धुक्याचा किंवा उगवत्या सूर्याचा उल्लेख आणि उड्डाणाची वेळ यांचा मेळ बसत नसेल तर हे आधी तपासावे. तसेच ग्रिनिच वेळ वापरली आहे का, तेही पाहावे.

आता लक्ष्याविषयी. फॉर्म ५४१मध्ये वारंवार येणारा मजकूर म्हणजे बाँब लक्ष्याच्या क्षेत्रात पडले. हे क्षेत्र अनेकदा एखादे गाव असते. टिड्डिम रस्त्याच्या कडेचे, आराकानच्या डोंगरातले, जपानी सैन्याने मुक्काम ठोकलेले गाव. त्याचे नाव त्या वहीत अर्धवट स्पेलिंगने किंवा नुसत्या नकाशाच्या आकड्यांनी दिलेले असते. माझे स्पष्ट मत आहे की ते गावही शोधावे. जुन्या लष्करी नकाशावर आकडे लावून जागा काढावी आणि तिथे कोण राहत होते याची चौकशी करावी. मणिपुरात त्या काळाला लोक 'जपान लान', जपानची लढाई, म्हणतात आणि त्याच्या आठवणी घराघरांत आहेत. इंफाळजवळ रेड हिलच्या पायथ्याशी २०१९ साली शांती संग्रहालय उभे राहिले आहे. आजोबांच्या धाडसाचा अभिमान आणि खाली राहणाऱ्यांच्या नुकसानीची जाणीव एकत्र बाळगता येते. वरून बाँब टाकणाऱ्याचा इतिहास लिहायचा तर खालची जमीन त्यातून वगळून चालणार नाही.

आजोबा रॉयल एअर फोर्सच्या बाँबर कमांडमध्ये असतील तर कागद बरेच जास्त मिळतात. लँकेस्टर विमानात सात जण असत, एका फेरीत साधारण ३० हल्ले पुरे करायचे असत, आणि कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमान कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मारले गेले. शोधाची रीत तीच. लॉगबुक, मग एआयआर २७मधली स्क्वाड्रनची वही, मग सहकाऱ्यांची नावे. या वह्यांत 'गार्डनिंग' दिसले तर ते समुद्रात सुरुंग पेरणे आणि 'निकेल' म्हणजे पत्रके टाकणे. 'एफटीआर' म्हणजे विमान परत आले नाही. अशा विमानांची माहिती लिंकनच्या इंटरनॅशनल बाँबर कमांड सेंटरने नावानिशी लावली आहे. वैयक्तिक सेवापुस्तिका ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय २०२२पासून टप्प्याटप्प्याने क्यूच्या अभिलेखागाराकडे सोपवत आहे, तेव्हा अर्ज करण्याआधी ती कुठे आहे हे पाहावे. तिथे सार्जंट अधिकारी झाला की त्याचा क्रमांक बदले. एकाच माणसाचे दोन क्रमांक सापडले तर दोन माणसे समजू नयेत.

माणूस युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीपासून सुरुवात करावी. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू आलेले सगळे त्यात येतात. प्रशिक्षणात विमान कोसळून गेलेलेही. कबर शोधत बसू नये. हिंदू आणि शीख वैमानिकांचे दहन होई, त्यांची नावे इंफाळ किंवा तौक्यानसारख्या दहन-स्मारकांवर असतात. आग्नेय आशियात ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा वायुसैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. यादीत तुकडी आणि तारीख मिळते, आणि ती मिळाली की पुन्हा आपण फॉर्म ५४०च्या त्या दिवसाच्या पानावर येतो.

जे परतले त्यांचा माग नागरी कागदांत घ्यावा. तात्पुरत्या कमिशनवर भरती झालेले पुष्कळ जण १९४६च्या सुमारास मोकळे झाले. त्यांतले काही वैमानिक टाटा एअर लाइन्समध्ये गेले, जी त्याच वर्षी जुलैत एअर इंडिया झाली; काही इतर कंपन्यांत. नागरी परवान्यासाठी युद्धातले तास दाखवावे लागत, म्हणून लॉगबुकाच्या शेवटच्या पानांवर तासांचे प्रमाणित गोषवारे आढळतात. मूळ वही हरवली आणि हा एकच कागद उरला, असेही होते. कॉलेजांची वार्षिके आणि केसरी, सकाळ यांचे १९४२ ते ४५चे अंक पाहावेत. गावच्या मुलाला कमिशन मिळाल्याची दोन ओळींची बातमी तिथे सापडू शकते. युद्धकाळच्या सेन्सॉरमुळे अशा बातम्यांत तळाचे नाव नसे, 'बर्मा आघाडीवर' एवढेच. तारीख मात्र असते.

सापडेल ते सगळे एका तक्त्यात मांडावे. तारीख, तळ, विमानाचा क्रमांक, सोबती, लक्ष्य, आणि शेवटच्या रकान्यात ही माहिती कुठून आली ते. घरच्या आठवणी वेगळ्या रंगात लिहाव्यात. त्या खोडू नयेत, पण कागदाच्या ओळीत मिसळूही नयेत. तक्ता तयार झाला की त्याची एक प्रत आणि लॉगबुकाच्या फोटोंचा संच दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयाकडे पाठवावा, आणि दुसरी प्रत त्या मागच्या सीटवरच्या नॅव्हिगेटरच्या घरी.